एक्केचाळीस सेकंदांचं रडणं

माय,

आधी माझ्या हातांनी झालेल्या वस्तू सांगतो, म्हणजे तू गेल्यानंतर मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो हे तुला कळेल. चार तारांच्या दोन गिटारी, एक सागाची, एक शिवणीच्या लाकडाची. सागाची दिसते चांगली, वाजते शिवणीची. सात अ‍ॅम्प्लिफायर, त्यांतल्या तिनांचे ट्रान्सफॉर्मरसुद्धा मीच गुंडाळले, वेढे मोजून, एकही चुकू न देता. धुमाल पार्ट्यांसाठी स्पीकरच्या पेट्या, ज्या ट्रकवर चढवून वरातीपुढे वाजवतात आणि ज्यांनी रस्त्याकडेच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्या मोजायचं मी शंभरानंतर सोडलं. बारा माईक लागतील असा एक मिक्सर. सगळ्यांच्या आधीचा टेप रेकॉर्डर तुला माहीतच आहे. नंदनवनातल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली, रबराच्या पायांवर उभी, भिंतीला भिंत न लागलेली, दोन दारांची. दिवाळीत बाहेर फटाक्यांची लड लागली तरी आत पत्ता लागत नाही. आणि एक अल्बम. सात गाणी, सेहेचाळीस मिनिटं. तो होऊन दोन वर्षं झाली आणि तो अजून त्या खोलीतच आहे. मीही बहुतेक वेळ तिथेच असतो. यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. हे मी गर्वानं सांगतो असं तुझी सून म्हणते. गर्वानंच सांगतो.

अल्बम ज्या प्रकारचा आहे त्याला हेवी मेटल म्हणतात. तुला कसं समजावू? गिटारचा आवाज इतका चढवायचा की तो फाटतो, आणि मग तो फाटलेलाच वाजवायचा. गाणारा गात नाही, पोटातून खरवडून काढल्यासारखा ओरडतो. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी सदर बाजारातल्या माझ्या दुकानात एक कॉलेजातला मुलगा एक छोटी डबी घेऊन आला. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये ती जोडायची आणि पायानं दाबायची. आवाज अधूनमधून जातो म्हणाला. मी जोडून पाहिलं तर आवाज जात तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे येत होता तेव्हा फाटून येत होता. आतला एक टाका सैल होता, तो दहा मिनिटांत झाला. पुढचे दोन दिवस मी तो फाटलेपणा काढण्यात घातले. दोन डायोड काढून टाकले, एक रेझिस्टर बदलला, आणि आवाज इतका साफ केला की देवळातल्या पेटीसारखा. मुलगा आला, त्यानं तार छेडली, आणि त्याचं तोंड उतरलं.

"हे काय करून ठेवलं भाऊ?"

"फाटत होता. साफ करून देला."

"फाटलाच पायजे ना यार! फाटते म्हणून तं घेतला होता मी. तुम्ही तं त्याले भजनाले बसवलं!"

मला राग आला. आपल्या कामाला कोणी नाव ठेवलेलं मला आजही चालत नाही. तेव्हा त्यानं खिशातून कानाला लावायचं यंत्र काढलं आणि म्हणाला, घ्या, ऐका, म्हणजे कळन तुम्हाले. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, समोर उसाच्या रसाचा चरक फिरत होता, आणि माझ्या कानात कोणीतरी परक्या भाषेत असं ओरडत होतं की तसा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता: तुझा बाप गेला तेव्हा, आबाजीच्या अंगणात, तुझ्या तोंडून. मी ते दोन्ही डायोड परत बसवले, आणि डबी आधीपेक्षा चांगली फाटेल अशी करून दिली. त्या मुलानं आता चाळिशी ओलांडली. विम्याच्या कचेरीत नोकरी करतो, डोक्यावरचे केस गेले. मी त्याला अजून सदरवालाच म्हणतो. अल्बमवर ओरडतो तो तोच.

तर आबाजीचं अंगण. मी सतरा वर्षांचा. सकाळी निरोप आला आणि आपण एसटीनं पारशिवनीला उतरून पुढे पायी निघालो. माझ्या खांद्याला पिशवी आहे आणि पिशवीत आदल्या संध्याकाळी पुरा झालेला टेप रेकॉर्डर. भंगारातून आणलेलं यंत्र, नवा माईक, आणि पट्टा मिळाला नाही म्हणून सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची कडी. घरी ठेवून येववत नव्हता म्हणून घेतला, दुसरं कारण नाही. गावाची शीव आली तशी तू चपला काढून हातात घेतल्यास आणि सुरुवात केलीस. मी तुला त्याआधी असं रडताना पाहिलेलं नाही. हे रडणं म्हणजे नुसते हुंदके नाहीत, त्याला चाल आहे, ओळी आहेत. तू मेलेल्या बापाशी बोलत चालली आहेस. तुझी काठी आता कोणाच्या हातात देऊ. तुझ्या बैलांना पाणी कोण दाखवील. अंगणात पोचल्यावर तू त्याच ओळी परत घेत मावशीच्या गळ्यात पडलीस, बाया भोवती गोळा झाल्या, आणि मी, तुझा मुलगा, पिशवीत हात घालून बटण दाबलं. उघड्यावर माईक कसा धरतो ते मला पाहायचं होतं. खोटं कशाला लिहू, आबाजीचं मला त्या वेळी काही वाटत नव्हतं.

मातीच्या भिंतीवर माझ्याच वयाची दोन पोरं बसली होती. एक तुझी नक्कल करत होता, तोंड वासून, पदर ओढल्यासारखं करून, आणि दुसरा पोट धरून हसत होता. मी नागपूरहून आलेला, इस्त्रीची पँट घातलेला. मी बायांतून वाट काढत तुझ्यापर्यंत आलो आणि म्हणालो, "बस ना वं माय, लोक हासून राहिले." तू माझ्याकडे पाहिलंस, तोंडावर पदर घेतलास आणि थांबलीस. पुढे टेपवर नुसता बायांचा कुजबुजाट आणि एका गाईचं हंबरणं आहे. माझा आवाज त्यात तुझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण माईक माझ्याच काखेत होता.

तेरवी झाल्यावर नागपूरला आलो. तू स्वयंपाकघरात कॉलेजच्या पोरांच्या डब्यांसाठी पोळ्या लाटत होतीस आणि मी ओट्यावर रेकॉर्डर ठेवून टेप लावली, तुला माझं यंत्र दाखवायचं म्हणून. त्यावर काय आहे याचा विचार मी केलाच नव्हता असं म्हणणं मला फार सोयीचं आहे. तू लाटणं थांबवलंस. माझं "बस ना वं" येऊन गेलं. मग तू म्हणालीस, "साफ आला गा आवाज." परत लाटायला लागलीस. तव्यावर पोळी टाकता टाकता, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "पुसून टाकजो ते. रडणं घरात ठेवत नसतात." मी हो म्हटलं. पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी तू तुझं जांभळं वायलचं पातळ फाडून माझ्यासमोर टाकलंस, स्पीकरच्या तोंडावर लावायला पातळ कापड पाहिजे असं मी कधीतरी म्हणालो होतो म्हणून. तुझं उत्तर नेहमी असंच यायचं, भलत्याच वस्तूतून.

तू गेलीस तेव्हा घरात मी मोठा होतो. आलेल्यांना दारातच सांगत होतो, आवाज करू नका, शेजारी लहान लेकरं आहेत, त्यांना त्रास नको. मावशी गावाहून आली. उंबरठ्यावर तिनं तोंड उघडलं, छाती भरून घेतली, आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तुला आम्ही अशा शांततेत नेलं की लोक नंतर म्हणाले, किती शिस्तीत झालं सगळं. मलाही ते तेव्हा कौतुकच वाटलं.

अल्बम आम्ही तिघांनी केला. सदरवाला, मी, आणि धुमालमध्ये ड्रम वाजवणारा एक जण, ज्याचे हात मी नागपुरातले सगळ्यात पक्के मानतो. प्रत्येकानं आपापलं गेलेलं माणूस आणलं. पाचवं गाणं सदरवाल्याच्या धाकट्या भावाचं आहे, जो कामठी रोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. दुसरं आणि तिसरं ड्रमवाल्याच्या बापाचं. सातवं तुझं. ती टेप मी काढली, जुनी टेप चिकटते म्हणून मंद आचेवर जपून गरम केली, साफ केली, आणि कॉम्प्युटरात घेतली. ट्यूबच्या रबरानं रेकॉर्डर नेमका किती वेगानं पळत होता ते कळायला मार्ग नव्हता. पण त्याच टेपच्या दुसऱ्या बाजूला मी त्याच महिन्यात रेडिओवरच्या बातम्या भरल्या होत्या, आणि बातम्यांआधी सेकंदासेकंदानं पिप वाजतात. ते मोजले, वेग काढला, तुझा आवाज जागेवर आणला. तुझा सूर काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये पडतो, कुठल्याच पट्टीवर नाही. मी तुला पट्टीवर ओढलं नाही, सगळ्या गिटारी तुझ्या सुरावर आणून बसवल्या. शेवटच्या तीन सेकंदांत सूर वर सरकतो. ती रबर ताणल्याची खोट आहे हे माझ्या लक्षात आलं आणि तेवढा भाग मी सरळ करून घेतला. सगळं मिळून एक्केचाळीस सेकंद. गाण्याला ते पुरत नव्हते. वाटलं, पुढची चाल मावशीला येत असेल, तिच्याकडून भरून आणू.

मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण बोटं थांबत नाहीत. मी माईक काढून समोर ठेवला.

"मावशी, आबाजीच्या वेळेस माय रडली होती, ते तुले येते ना?"

"येते ना. काहून नाही येनार?"

"मंग म्हणून दाखव ना थोडं. मी यात भरून घेतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं. "कोण मेलं?"

"कोणीच नाही."

"मंग कायले रडू मी? येडा झाला का गा तू? मेल्याबिगर रडणं काढलं तं ते घरातलं माणूस मांगते. आत नातसून दोन जिवाची बसली आहे, अन् हा म्हणते रडून दाखव!" तिनं माईकवर सूप पालथं घातलं. खरंच घातलं. मग हसली, आणि हसता हसता म्हणाली, "तवा तं तुले लाज वाटे. आता काहून पायजे?"

मी काय सांगणार? गाण्यात टाकायचं आहे म्हटलं. ती शेंगा सोलत राहिली, आणि मग आपणहून बोलायला लागली. "पयले मेल्या माणसाचं असते. त्याची काठी, त्याचं पागोटं, त्याचे बैल. ते सरलं का मंग आपलं. पोरगी बापाले सांगते, तू मले कुठं देली, तिथं मी काय काय सोसलं. एरवी कोणाले सांगावं? जित्या बापाले सांगता येत नाही, त्याच्या जिवाले लागते. मेला का सांगावं. तवा कोणी टोकत नाही, सासूबी नाही टोकत."

"मायनं काय सांगितलं असतं?"

"मले काय माहीत? तिचं ते तिले. सूर बदलला होता तिनं, मी बाजूलेच होती ना. आता तिचं येनारच होतं, तं तू आला धावत."

मी घरी आलो आणि ते तीन सेकंद होते तसे परत केले. रबराची खोट नव्हती ती. अख्ख्या संसारात तू एकदाच स्वतःचं सांगायला सूर चढवलास, आणि ते मी आधी बंद पाडलं, मग इतक्या वर्षांनी दुरुस्तही करून टाकलं.

तेव्हापासून मी त्या खोलीत आहे, असं म्हटलं तरी चालेल. दुकान आता फक्त सकाळचं. जेवायला बोलवायचं तर तुझी सून स्वयंपाकघरातलं बटण दाबते आणि खोलीत लाल बल्ब लागतो, कारण हाक आत पोचत नाही. खोली मीच तशी बांधली. "तुम्हाले जीव कोंडल्यासारखा होत नाही का तिथं?" असं ती विचारते. होतो. मी सातवं गाणं लावतो. काठी येते, बैल येतात, सूर चढतो, मी येतो. परत लावतो. तू काय सांगणार होतीस? बाबांबद्दल? बाबांच्या आईबद्दल? का पहाटेपासून भरलेल्या त्या डब्यांबद्दल? मी सगळ्या शक्यता लावून पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या अर्ध्यांत मी आहे. गाणं पुरं नाही म्हणून अल्बम बाहेर काढत नाही, आणि पुरं करणारी तू अजून आबाजीच्या अंगणात पदर तोंडाला लावून बसली आहेस.

सदरवाल्यानं माझ्या संमतीनं नमुन्यादाखल पहिली चार गाणी इंटरनेटवर टाकली होती. ती ऐकून एका मोठ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. तरुण, नम्र, हिंदीत बोलणारा. सातवंही पाठवा म्हणाला. पाठवलं. दोन दिवसांनी परत फोन. "सर, यही आपका पूरा एल्बम है. बस वो आवाज़ बहुत छोटी है. और बीच में जो लड़का बोलता है, उसको हटा देंगे." एक्केचाळीस सेकंदांवरून कॉम्प्युटर तुझा आवाज शिकतो आणि मग हवा तेवढा वेळ रडतो, असं त्यानं मला समजावलं. नमुनाही पाठवला.

मी दोन्ही दारं लावली आणि ऐकला. काम चोख आहे, यात खोट काढता येत नाही. काठी येते, बैल येतात, सूर चढतो, आणि मी येत नाही. तू पुढे जातेस. जवळजवळ तीन मिनिटं तू बोलतेस. शब्द नाहीत त्यात, आपल्या बोलीसारखा नुसता आकार आहे, लांबून कोणी बोलत असावं तसा. हे मला पहिल्या दहा सेकंदांत कळलं होतं. तरी मी खुर्चीतून पुढे वाकून, श्वास धरून, शेवटपर्यंत कान देऊन बसलो होतो, त्यात कुठे माझं नाव येतं का ते ऐकत. संपलं तेव्हा मी दोन्ही दारं उघडली. मी फोन करून नाही म्हटलं. कारण विचारलं त्यानं. ती हे बोलली नव्हती, एवढंच मला हिंदीत सांगता आलं.

सदरवाला दुसऱ्या दिवशी दुकानात आला. चहा सांगितला, प्यायला नाही.

"नाही म्हटलं बे तू? मले न विचारता?"

"तिच्या तोंडी भलतंच घालणार होते."

"मंग दुसरीकडं देऊ. आपणच टाकू नेटवर. सहाच टाकू."

"सहा टाकले तं तो अल्बम नाही."

तो बराच वेळ काउंटरवरचा स्क्रू फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुही माय एकटीच नाही बे त्यात. माहा भाऊ पण आहे. तू दार लावून बसतो ना, तं तो पण आतच राहते." पुढच्या महिन्यात बाहेर काढतो म्हणालो. असं मी आधीही म्हणालो आहे आणि ते त्याला माहीत आहे. जाता जाता त्यानं विचारलं, "देऊन किती राहिले होते तसे?" मी आकडा सांगितला. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साठ हजारात कायले माय द्यायची. जाऊ दे." आणि गेला.

हे पत्र कोणी उघडणार नाही, म्हणून त्याला न सांगितलेलं इथे लिहितो. मी आयुष्यात कोणाला चुकीचं माप दिलेलं नाही, लाकडाचं नाही, तारेचं नाही. त्या दिवशी दिलं. मी ज्याला नाही म्हटलं ते असं होतं: सातही गाणी, तुझे एक्केचाळीस सेकंद वाढवून तीन मिनिटं, माझा आवाज पुसलेला, आणि तिघांत सारखे वाटायचे नऊ लाख रुपये.